चढावरचं धुराडं

३ मे, रविवार

सून म्हणाली, आई, मनात येईल ते सगळं तोंडाने बोलायलाच हवं का? मी म्हटलं, मग काय हाताने बोलू? तर तिने ही डायरी पुढ्यात टाकली. गिरणीवाल्याने वर्षाच्या सुरुवातीला फुकट दिलेली, पिठाच्या पोत्यांखाली पडून होती. शाळा माझी नावापुरती. जी अक्षरं येतात ती पोत्यांवरची वाचून वाचून टिकली. पण मलाही गप्प बसता येतं हे सुनेला दाखवायचंय, म्हणून लिहिते.

आज काही घडलं नाही. पाव बरे झाले. डोंगरापलीकडे वणवा लागलाय म्हणतात. दर उन्हाळ्यात लागतो.

५ मे, मंगळवार

टीव्हीवर दिवसभर तोच वणवा. इतका मोठा कधी झाला नव्हता म्हणे. मागच्या वर्षीच्या वणव्यालाही हेच म्हणाले होते, त्याच्या आदल्यालाही. आता वणव्यांना नावंसुद्धा देतात, घरच्या पोरांना द्यावीत तशी. आणि किती जंगल जळलं ते सांगायला खेळाची मैदानं मोजतात. मी जन्मात एक मैदान पुरतं चालले नाही, मला त्यातून काय कळणार. माझ्या डोळ्यांनी जेवढं कळतं ते एवढंच, की डोंगराच्या मागे दुपारी ढग उगवतो आणि तो पावसाचा नसतो.

मुलगा तिकडेच आहे. सरकारी पाण्याचा बंब चालवतो. घरात पिढीजात भट्टी असताना हा आग विझवायच्या नोकरीला लागला. आईवर सूड उगवायचा याहून सोपा रस्ता त्याला सापडला नसावा. फोन करतो तो बायकोला. ती मला सांगते, बरे आहेत. एवढंच ऐकायला तासभर बोलावं लागतं का?

घड्याळवाल्याला पाव देऊन आले. तो चढाच्या शेवटी राहतो, त्याच्या घराच्या पाठीला झाडं सुरू होतात. आमच्या ह्यांचा दोस्त. डोळे गेल्यापासून दुरुस्तीचं दुकान नावाला उघडं, आत मात्र सगळी घड्याळं टिकटिकत असतात. डोकं उठतं. पाव मीच नेते, कारण सुनेला चढ झेपत नाही. त्याच्यासाठी भट्टीच्या कोपऱ्यात करपलेला एक बाजूला काढते. चांगला पाव त्या माणसावर कशाला वाया घालवायचा. त्याने एक तुकडा मोडला, चावला आणि रोजच्यासारखं म्हणाला, "आज जरा करपलाय, वहिनी."

मी म्हटलं, "माझं घड्याळ झालं का?"

"एक काटा अडतोय अजून."

भिंतीवरचं घड्याळ त्याच्याकडे दिलं तेव्हा आमचे हे जिवंत होते. अजून काटा अडतोय. असला कारागीर.

८ मे, शुक्रवार

पिठात राख पडली. मळता मळता हाताला काळे कण लागले म्हणून वर बघितलं, तर खिडकीतून राख आत येत होती, कापसासारखी हलकी. परात झाकली. गिऱ्हाइकांना सांगितलं, आजचे पाव कोंड्यासकट गव्हाचे आहेत, काळं दिसलं तर ओरडू नका. कुणी ओरडलं नाही. सगळे एकमेकांत हळू आवाजात बोलत होते, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं.

डोंगरावरून दोन हरणं गल्लीतून उतरली. कुत्री भुंकली नाहीत.

जंगल खात्याचा एक साहेब घरोघर फिरला. गळ्यात शिट्टी, ती वाजवलेली कुणी ऐकली नाही, म्हणून गल्लीने त्याचं नाव शिट्टीवाला ठेवून टाकलं. पोरगेला आहे. म्हणाला, "आजी, महत्त्वाचं सामान बांधून ठेवा. वारा फिरला तर निघावं लागेल."

"माझं महत्त्वाचं सामान विटांचं आहे," मी म्हटलं. "तू उचलशील का?"

त्याने भट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाला, "पाव मिळेल का?" भुकेला होता बिचारा. दोन खाल्ले उभ्या उभ्या. खाता खाता शिकवणी सुरूच. वणवा विझला असं वाटतं आणि तो झाडाच्या मुळात शिरून आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो, वगैरे. म्हटलं, माझ्या सासूसारखा.

१० मे, रविवार

आज सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा. दुपारी दिवे लावून पाव भाजले.

शिट्टीवाला पुन्हा आला. आता बोलणं वेगळं. "आजी, घर सोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी तुम्हाला उचलून नेऊ शकत नाही. पण भट्टी तेवढी विझवा."

मला हसू आलं. "एवढा डोंगर जळतोय, तो तुम्हाला विझवता येईना. म्हणून माझी भट्टी विझवून हात साफ करणार?"

"तसं नाही, आजी."

"ठिणगीची भीती वाटते ना? धुराड्याला जाळी बसवते."

"ठिणगीचं नाही. आजी, या गल्लीतले लोक—"

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. ही भट्टी माझ्या सासूच्या सासूने पेटवली. रात्री निखारे राखेत झाकायचे, पहाटे उघडायचे, असं चालत आलंय. आमचे हे गेले त्या दिवशीसुद्धा मी आधी पाव भाजले. लोक म्हणाले, दगडाच्या काळजाची बाई. पाव मात्र एकही शिल्लक राहिला नाही. संचारबंदी लागली होती तेव्हा अख्खी गल्ली दार लावून बसली, सकाळी धुराड्यातून धूर निघालेला बघितला आणि मग एकेक दार उघडलं. या चढावर घड्याळ कुणी बघत नाही. धुराडं बघतात. असल्या भट्टीला तो काल आलेला पोरगा विझवा म्हणतो.

तो गेल्यावर सून म्हणाली, "आई, त्याचं ऐकून तरी घ्यायचं होतं."

"तू ऐकलंस ना? तुझे कान माझ्यापेक्षा तरणे आहेत."

ती उठली. बादल्या भरून पत्र्यावर पाणी ओतायला शिडी चढून गेली.

११ मे, सोमवार

समोरची शिवणवाली काल सामान बांधत होती. मशीन चादरीत गुंडाळून दाराशी आणलं होतं. आज बघते तर मशीन पुन्हा खिडकीत आणि बाई टीप मारतेय. सुनेने विचारलं, जाणार होतात ना? तर तिने बोट वर केलं, आमच्या धुराड्याकडे. म्हणाली, "तुझी सासू भाजतेय तोवर मी कशाला पळू?"

हे सुनेने मला सांगितलं. मला बरं वाटलं. चला, माझ्या धुराचा कुणाला आधार होतोय. म्हटलं, उद्यापासून थोडी लाकडं जास्त टाकू, धूर लांबून दिसला पाहिजे. सून ताटावरून उठून गेली. तिला हल्ली भूक लागत नाही. राखेने घसा धरला असेल.

घड्याळवाल्याकडे गेले. त्याच्या घरामागे झाडांत आता आवाज येतो, लांबून पाणी वाहावं तसा. तो म्हणाला, "मला धुराडं दिसत नाही, वहिनी, आणि सगळीकडे जळका वास, त्यामुळे पावाचा वासही कळत नाही. तुम्ही पाव घेऊन आलात की समजतं, सगळं ठीक आहे."

"मग काय, ठीकच आहे," मी म्हटलं.

"आज जरा जास्तच करपलाय."

१२ मे, मंगळवार

मुलगा आला. बंब खाली पाणी भरायला उभा केला आणि पायी वर आला. आधी मी ओळखलंच नाही. पापण्यांचे केस जळलेत, ओठ फुटलेत, हाताची बोटं सुजून जाड झालीत. सुनेने त्याला बघितलं आणि आत जाऊन पाणी तापवायला लागली. तिने रडावं असं मला वाटलं, म्हणजे मला तिला गप्प करता आलं असतं.

मी पाव पुढे केला. त्याने हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. मग म्हणाला, "पलीकडच्या गावात एक चहावाला होता."

"बरं."

"त्याने दुकान बंद केलं नाही. सगळ्यांना सांगायचा, चहा चालू आहे, घाबरू नका. लोक त्याच्याकडे बघून थांबले."

"मग?"

"मग काही नाही."

त्याने हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. मग तिसऱ्यांदा. सून टॉवेल घेऊन उभी होती. जाताना दारात थांबून म्हणाला, "आई, उद्या रात्री वारा फिरणार आहे. रस्ता एकच आहे." आणि उतरून गेला. त्याच्या मागे शिवणवालीच्या खिडकीतून टीप मारल्याचा आवाज येत होता.

चहावाल्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही ठेवलं नव्हतं त्याने.

१३ मे, बुधवार

भट्टी विझवली.

शाळेच्या सभागृहात बसून लिहितेय. आजूबाजूला पोरं रडतायत, त्यामुळे अक्षर वाकडं येईल. तसं ते नेहमीच येतं.

पहाटे सून पीठ मळायला लागली तर तिला म्हटलं, राहू दे. ती बघतच राहिली. म्हटलं, माझ्या तोंडाकडे काय बघतेस, पत्र्याचे डबे आण. भट्टीत पाणी ओतता येत नाही, तापलेल्या विटा तडकतात. निखारे ओढून काढायचे आणि बाहेर नेऊन विझवायचे. सासूने निखारे कसे झाकायचे ते शिकवलं, कसे फुंकायचे ते शिकवलं. विझवायचं शिकवलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने केलं. मुद्दाम गल्लीच्या मधोमध केलं, सगळ्यांच्या दारांसमोर. सून निखारे ओढत होती, मी पाणी ओतत होते. चर्र चर्र आवाज आणि पांढरी वाफ. धुराडं थोडा वेळ सवयीने धुमसलं, मग थांबलं. सुनेचं तोंड राखेने भरलं होतं आणि त्यात दोन ओले ओघळ. मी म्हटलं, "तोंड पूस, भुतासारखी दिसतेस." तिने पदराने आधी माझं पुसलं.

दारं उघडली. पहिली शिवणवाली आली, चेहरा अगदी सांत्वनाला यावा तसा करून. "कोण गेलं गं?"

"अजून कुणी नाही. तू इथेच उभी राहिलीस तर तुझ्यापासून सुरुवात होईल."

"अगं पण भट्टी..."

"विझवली. संपलं. मशीन उचल, मुलांना हाक मार आणि उतर."

"आणि तू?"

"मी मागे राहून पाव कुणाला विकू? माकडांना?"

ती तशीच उभी. मागे बाकीचे जमले होते, दूधवाला, दोन्ही भाडेकरू, कोपऱ्यावरचा न्हावी. सगळे धुराड्याकडे बघत होते. न्हावी म्हणाला, "काकू, तुम्ही विझवलीत म्हणजे..." मग सगळे एकदमच वळले आणि घरात शिरले. खाटा ओढल्याचे, कपाटं उघडल्याचे आवाज सुरू झाले. शिट्टीवाला खालून धावत आला, विझलेले डबे बघितले आणि त्याने पहिल्यांदाच शिट्टी तोंडात घातली. चांगली कर्कश होती.

मी वर निघाले. सून म्हणाली, "मी जाते, आई, पळत जाऊन घेऊन येते त्यांना."

म्हटलं, "तुला चढ झेपत नाही."

"मला?" ती म्हणाली.

मी तोवर चढायला लागले होते.

वर दिवसा काळोख झाला होता आणि झाडांमागे लाल. घड्याळवाला रोजच्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून. माझी पावलं त्याला ओळखू येतात. म्हणाला, "आज उशीर केलात, वहिनी." आणि हात पुढे केला, पावासाठी.

मी त्या हातात काही ठेवलं नाही. उभी राहिले. घड्याळं सगळी टिकटिकत होती.

त्याचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग त्याने तो मागे घेतला. "विझली का?"

"विझवली."

"म्हणजे आता खरंच निघायला हवं," तो म्हणाला, आणि उठला. चार लोकांनी चार वेळा सांगून न उठलेला माणूस. मी म्हटलं, काय घ्यायचं ते घ्या, लवकर. तो भिंतीपाशी गेला, हाताने चाचपत, आणि एकच घड्याळ काढून काखेत मारलं. बघते तर माझं. काटे बरोबर फिरत होते, कुठे काही अडत नव्हतं.

"हे चालतंय," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

खालून शिट्टी वाजत होती म्हणून वाचला. नाहीतर तिथेच सुनावलं असतं. इतकी वर्षं मी रोज चढ चढून विचारत होते आणि हा लबाड रोज काटा अडवत होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर घेऊन उतरले. न्हाव्याच्या बायकोने बघितलं. बघू दे. खांदा माझा आहे.

खमिराचं मडकं सुनेने मांडीवर घेतलंय. येताना गाडीतही सगळ्यांच्या मांडीवर पोरं, हिच्या मांडीवर मडकं.

१५ मे, शुक्रवार

गल्ली गेली. परवा रात्रीच गेली होती, आज सांगितलं. शिट्टीवाल्याने यादी वाचावी तसं वाचलं. वाचून झाल्यावर त्याला पाणी द्यावं लागलं.

माणूस एकही गेला नाही. एकही.

१९ मे, मंगळवार

इथे पिशवीतला पाव देतात. दाबला तर पुन्हा फुगतो. असला पाव मी विकला असता तर गल्लीने मला ढकलत नेऊन नदीत बुडवलं असतं. घड्याळवाल्याने तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिला. म्हणाला, "याला कवचच नाही." मी म्हटलं, करपलेला नाही ना, मग खा. त्याने ठेवून दिला.

त्याच्या बाजूची जागा मी घेतली आहे. दारातून झुळूक येते तिथे.

माझं घड्याळ दोघांच्या मध्ये खिळ्याला टांगलंय. टिकटिक ऐकल्याशिवाय म्हाताऱ्याला झोप लागत नाही म्हणे. मला तर लागतच नाही, पण ते टिकटिकीमुळे नाही. पहाटे जाग येते आणि हात निखारे उघडायला जातात. इथे सतरंजी आहे.

२४ मे, रविवार

लोक पांगायला लागले. दूधवाला मेहुण्याकडे गेला. भाडेकरूंनी शहरात खोली बघितली. शिवणवाली लेकीकडे चालली. म्हणाली, "आता या वयात पुन्हा चढ कोण चढणार?" मी म्हटलं, तू माझ्यापेक्षा लहान आहेस. ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा सगळेच लहान आहेत." मग गळ्यात पडली. मला असलं आवडत नाही. मशीनचं झाकण राहिलं होतं, ते मी तिच्या मागे धावत जाऊन दिलं.

साहेब लोक येऊन सांगून गेले की वरच्या भागात पुन्हा वस्ती करू द्यायची की नाही ते अजून ठरायचंय. ठरेपर्यंत वर राहायचं नाही, आणि आग तर अजिबात पेटवायची नाही. आगपेटीसुद्धा नाक्यावर काढून घेतात. हो म्हणून मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

मुलगा येऊन गेला. वणवा अजून पलीकडे जळतोच आहे, पण आता माणसांपासून दूर. त्याने माझ्याजवळ बसून पिशवीतला पाव खाल्ला, सगळा. म्हणाला, "आई, त्या दिवशी तू..." म्हटलं, जेव, बोलू नकोस, ठसका लागेल.

२९ मे, शुक्रवार

सुनेला म्हटलं, खमीर मरायला लागलंय, वर जाऊन पीठ लावायला हवं. तिने माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या. कुठे, कसं, परवानगी आहे का, काही विचारलं नाही. हिला मी उगाच इतकी वर्षं बोलले असं कधी कधी वाटतं. रोज नाही.

नाक्यावर पिशव्या तपासल्या. पीठ, मीठ, मडकं. आगपेटी नाही. सोडलं.

गल्ली म्हणायला आता काही नाही. पायऱ्या आहेत, त्या कुठेच जात नाहीत. न्हाव्याच्या आरशाचं पाणी होऊन दगडावर सांडलंय. घड्याळवाल्याच्या घराच्या जागी काळ्या धातूचे गोळे पडलेत. मी एक उचलून बघितला, शिशासारखा जड. कुठलं घड्याळ होतं कळायला मार्ग नाही. ठेवून दिला.

आणि मधोमध आमची भट्टी. पत्रा गेला, भिंती गेल्या, दुकान गेलं. भट्टीचा घुमट जसाच्या तसा, धुराड्याचं फक्त टोक पडलेलं. सून हसली. म्हणाली, "आई, हिला काय होणार? हिचं आयुष्यच आगीत गेलंय." मलाही हसू आलं. घुमटावर हात फिरवून बघितला. राख होती.

लाकडांना तोटा नव्हता. सगळा डोंगर अर्धवट जळून वाट बघत होता. आग नव्हती. सून म्हणाली, आगपेटी नाही, आता? म्हटलं, चल.

घड्याळवाल्याच्या घरामागे एक मोठं झाड बुंध्यापासून गेलं होतं. शिट्टीवाल्याने त्या दिवशी पाव खाता खाता सांगितलेलं आठवत होतं. काठीने माती उकरली. खाली मूळ लालच होतं, हळूहळू धुमसत. पत्र्याच्या डब्यात ते निखारे घेतले, वर मातीचा थर टाकला, आणि उतरले. त्या वणव्याला म्हटलं, आमची घरं खाल्लीस ना, आता पाव भाज.

पेटायला वेळ लागला. विटा गार पडल्या होत्या, आतून ओल आली होती. सून फुंकत होती, मी सारखं सांगत होते असं नाही, तसं. मग एकदम जाळ धरला. धूर आधी आत घुसमटला, मग मोडक्या धुराड्यातून वर गेला, सरळ. वारा नव्हता.

पहिली खेप वाईट झाली. चटके लागले, आत कच्ची. दुसरी खेप टाकली आणि खालून घंटा वाजवत बंब आला.

शिट्टीवाला उडी मारून उतरला. मागे दोन जवान पाण्याची नळी घेऊन. भट्टी बघितली आणि थबकले. त्याने घाम पुसला. "आजी, आम्हाला वाटलं पुन्हा लागली. बंदी आहे, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"आता इथे आग लागायची कुठे राहिली आहे ते दाखव. तिथे पेटवणार नाही."

त्याने इकडेतिकडे बघितलं. दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं. जवान नळी धरून उभे, एक मान खाली घालून हसत होता. शिट्टीवाला म्हणाला, "मला कळवावं लागेल वर."

"कळव. सोबत पाव घेऊन जा, वरच्यांनाही दे. तोंडात काही असलं की माणूस कमी वेळा 'नाही' म्हणतो."

"विझवायला सांगितलं तर?"

"एकदा विझवली मी. लोकांना उतरवायचं होतं म्हणून विझवली. आता चढवायचेत." आणि म्हटलं, "पुन्हा कुणाचा जीव जात असेल तर तू ये आणि शिट्टी वाजव, मी आपणहून विझवीन. नुसता कागद दाखवायला आलास तर नळी तुझ्यावरच फिरवीन."

तो बुंध्यावर बसला. दोन पाव खाल्ले. जवानांनीही खाल्ले. मग बंब गेला, घंटा न वाजवता.

३० मे, शनिवार

लवकर लिहून घेते, पीठ फुगतंय.

सकाळी खालून माणसं येताना दिसली. मी मोजली नाही. न्हावी आणि त्याची बायको, मेहुण्याशी न पटून परवाच शाळेत परतलेला दूधवाला, भाडेकरूंपैकी एक. शाळेच्या खिडकीतून धूर दिसला म्हणे. दूधवाला म्हणाला, "आधी वाटलं पुन्हा वणवा. मग बघितलं, धूर सरळ आहे, पातळ आहे. म्हटलं, हा तर काकूंचा." निम्म्याहून जास्त लोक आलेच नाहीत. शिवणवाली आली नाही. तरी तिची जागा न्हाव्याने दगड लावून आखून ठेवली, कुणी त्यावर चालू नये म्हणून. नाक्यावर त्यांना अडवलं का, विचारलं. न्हावी म्हणाला, शिट्टीवाला तिथेच होता, पाठ करून उभा होता, काहीतरी खात होता.

शेवटी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून घड्याळवाला. काखेत माझं घड्याळ. इतक्या लांब चढून दमला होता, पण बसायच्या आधी विचारलं, "खिळा कुठे आहे?" भिंतच नाही तर खिळा कुठला. सुनेने भट्टीच्या विटेतल्या फटीत एक जळका खिळा ठोकला आणि घड्याळ तिथे लावलं. उष्णतेने बिघडेल, मी म्हटलं. तो म्हणाला, "बिघडू दे. दुरुस्त करीन."

त्याला पाव दिला. घाईत कोपऱ्यातला ठेवायचा विसरले होते, मधला होता, चांगला सोनेरी. त्याने तुकडा मोडला, चावला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"आज करपला नाही, वहिनी," तो म्हणाला.

म्हटलं, "उद्या करपवते."